कळशीतला माणूस

खानापुरात, हलगेकरांच्या लग्नात,
दुसऱ्या पंगतीला मला ओढून बसवलं.
"फोटोवाले, जेवा की हो, फोटो कुठं पळून जातात?"
फोटो नाही पळाले.
बॅग पळाली.

खुर्चीखाली होती, पट्टा पायाला गुंडाळून.
मांड्याचा पहिला घास मोडला
आणि मागून कुणी म्हणालं, जरा सरका, तूप येतंय.
मी सरकलो.
एक पाय. एवढंच.

ठाण्यातले हवालदार कब्बूर, भला माणूस.
"बिल ऐतेन री?"
आहे की, म्हटलं, खडेबाजारातल्या दुकानाचं.
पाकिटातून काढलं तर अक्षरं उडून गेलेली,
गुळगुळीत कोरा कागद, तळाशी फक्त 'धन्यवाद'.
तक्रार कन्नडात लिहिली, त्यांनीच वाचून दाखवली.
माझं नाव कळलं, कॅमेरा कळला,
मधलं त्यांच्यावर सोडून सही केली, मराठीत.
पॉलिसी इंग्रजीत.
तीन वर्षं हप्ता भरला, घडी मात्र
आजवर मोडली नव्हती.

विम्याच्या देसूरकर बाई टिळकवाडीत बसतात,
दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली, कागदांवर स्टेपलर ठेवून.
"कुलूप तोडलं होतं का?"
जेवणाच्या पंगतीत कसलं कुलूप, बाई?
त्यांनी 'निष्काळजीपणा'खाली रेघ मारली.
पेन्सिलीनं. तेवढं मी ध्यानात ठेवलं.
"वस्तू तुमच्या ताब्यात होती, असा
एखादा फोटो आणा."

फोटो!
एकोणीस वर्षं मी निंगोजी मुचंडीकर
लोकांचे फोटो काढतोय.
रात्री हार्डडिस्क लावली.
अक्षता उडतायत, मामा रडतायत,
कुणाचा फेटा सुटलाय, एक पोरगं टेबलाखाली झोपलंय,
सगळं आहे.
ज्यानं हे पाहिलं, तो कुठंच नाही.
नवरदेवाच्या गॉगलमध्ये शोधला,
व्याह्यांच्या चष्म्यात मोठा करून बघितला,
नुसते चौकोनी ठिपके.
शेवंता दूध विरजून आली, मागं उभी राहिली.
"रुखवतात बघा," म्हणाली, "भांडी चकचकीत असतात."

पहाटे तीनला सापडला.
किणयेच्या लग्नातली तांब्याची कळशी,
शेजारी डाळिंबाएवढे लोकरीचे पोपट,
आणि कळशीच्या पोटात एक माणूस:
फुगलेलं पोट, चिमणीचे पाय,
चेहऱ्याच्या जागी कॅमेरा.
पट्ट्याला शेवंतानं बांधलेला लाल दोरासुद्धा दिसतोय.

बाईंनी प्रिंट उजेडात धरली.
"कॅमेरा दिसतो. पण हे तुम्हीच कशावरून?
तोंड दिसत नाही."
आता काय सांगायचं?
मी उठलो, दोन पावलं मागं गेलो,
कोपरं पोटाशी घेतली, डावा डोळा मिटला,
रिकाम्या हातात रिकामं वजन पेललं
आणि सवयीनं म्हणालो, जरा इकडं बघा.

शिपायानं कॉलर सारखी केली.
कोपऱ्यातल्या कारकुनानं हनुवटी उचलली.
बाईंचा हात आपोआप पदराकडं गेला,
मग त्यांच्याच लक्षात आलं. हसल्या.
ड्रॉवर उघडून काहीतरी शोधू लागल्या,
खोडरबर होता की दुसरा चष्मा,
मी विचारलं नाही.

प्रकरण अजून विचाराधीन आहे.
मेहुण्याचा कॅमेरा उसना आणलाय, जड आहे,
बटणं सगळी उलट्या बाजूला.
त्याचा नंबर कपाटाच्या आत खिळ्यानं कोरला,
पोरांची उंची मोजल्याच्या रेघांशेजारी.
कार्यालयात गेलो की आधी रुखवताजवळ जातो,
चांगलं घासलेलं भांडं बघतो,
एक फोटो आमचा दोघांचा काढतो. मग कामाला लागतो.

फक्त एक गोष्ट फॉर्मात कुठं बसली नाही.
त्या बॅगेत कार्ड होतं,
त्यावर हळदीचे दोनशे बारा फोटो.
बाईंनी रकान्यात लिहिलं: कार्ड, एक, आठशे रुपये.
हलगेकरांची पोरगी रामदुर्गाला नांदतेय,
अजून तिनं फोन केलेला नाही.
फोन वाजला की मी आधी हात पुसतो.